गोजराबाईंचं तोंड आणि डॉक्टरांचं नाक

डॉ. दिगंबर रेळे यांनी उमेदीची अकरा वर्षं उंदरांच्या पाठीला तंबाखू चोळण्यात घालवली. हे वाक्य त्यांच्या पत्नी सुमतीबाई चारचौघांत याच शब्दांत म्हणत, आणि डॉक्टरांना ते झोंबे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. मुंबईच्या एका कर्करोगाच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे पिंजरे होते, पिंजऱ्यांत पांढरे उंदीर होते, आणि रेळे आठवड्यातून तीनदा तंबाखूचा अर्क ब्रशने त्यांच्या अंगाला लावत. उंदरांना कर्करोग व्हावा अशी अपेक्षा होती. उंदीर मात्र वेळच्या वेळी दाणापाणी मिळाल्याने गुबगुबीत झाले, त्यांची पिलावळ वाढली, आणि एकाला तर इतकं आयुष्य लाभलं की प्रयोगशाळेतले नोकर त्याला आजोबा म्हणायला लागले.

हे झालं दुपारचं काम. सकाळी रेळे शस्त्रवैद्य असत. माणसांचे गाल आणि जबडे कापत. हात उत्तम होता, पण ते काम त्यांना मनातून नकोसं वाटे. येणारा प्रत्येक जण उशिरा आलेला असे. रेळे प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, ‘हे सुरू झालं तेव्हा कसं दिसत होतं?’ आणि प्रत्येक जण एकच उत्तर देई, ‘नुसता पांढरा डाग होता. दुखत नव्हता, म्हणून आलो नाही.’ शेदोनशे जणांकडून हे ऐकल्यावर डॉक्टरांनी ठरवलं, की आपण तो न दुखणारा पांढरा डाग बघायचा. तो इस्पितळात येत नाही तर आपणच त्याच्या घरी जायचं.

त्यांनी हे वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "जा. उंदीर मिशरी लावत नाहीत, हे अकरा वर्षांनी का होईना तुमच्या ध्यानात आलं."

अशा रीतीने १९५८ सालच्या थंडीत डॉक्टर मुळशीत आले. मुळशीच का, तर त्या बाजूच्या बाया इस्पितळात फार यायच्या, आणि सगळ्या मिशरी लावणाऱ्या. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, बोटावर घेऊन दातांना घासायची, आणि घासून झाल्यावरही जरा वेळ गालात राहू द्यायची. घासणं हे निमित्त, गालात ठेवणं हीच खरी गंमत. डॉक्टरांना एवढंच शोधायचं होतं, की मिशरी सोडली तर तो पांढरा डाग जातो का? जगात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण मिशरी सोडलेली बाई कुणाला सापडलीच नव्हती.

पहिली तपासणी कासार आंबोलीला ठरली. गावचे पोलीस पाटील हैबतराव मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी आदल्या दिवशी दवंडी पिटवली, "उद्या सकाळी मुंबैचं डाक्टर भैरोबाच्या देवळात समद्यांची तोंडं बघनार हायेत हो! येताना तोंडं साफ करून यायची हो!"

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ती हैबतरावांनी गावाच्या इभ्रतीसाठी पदरची घातलेली भर होती.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मधोमध धोतराचा पडदा बांधला. वडीलधाऱ्या पुरुषांसमोर बायकांनी आ वासून बसणं बरं दिसत नाही, म्हणून बाया पडद्याच्या आड. डॉक्टरांनी बॅटरी घेतली, लांब दांडीचा चिमुकला आरसा घेतला, आणि पहिली बाई पुढे बोलावली. ती हैबतरावांची बायको रंभाबाई. पाटलाची बायको म्हणून पहिला मान तिचा. तिने कपाळावरचा पदर किंचित मागे घेतला, तोंड उघडलं, आणि डॉक्टरांना आत काळोखाखेरीज काही दिसलं नाही.

दुसरी बाई. काळोख. तिसरी, चौथी, नववी. दात काळे, हिरड्या काळ्या, जीभ काळी. चौदाव्या बाईला डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला.

"अहो, दवंडीत तोंडं साफ करून यायला सांगितलं होतं ना?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मुंबईच्या माणसाला डोळे असतात की नाही, असा प्रश्न त्यांना पडला असावा. शेवटी रंभाबाई पुढे झाली.

"साफ करूनच आलोय की. सकाळी उठल्या उठल्या येकदा लावली, आन् हितं यायच्या आदी पुन्यांदा. कुनाला कमी पडू नये म्हनून आत्याबाईंनी घरोघर धाडली."

म्हणजे तोंड साफ करायचं ते मिशरीनेच. दुसरं कशाने करायचं? इतकंच नव्हे, गावात दोन नव्या नवऱ्या आल्या होत्या, त्यांना माहेरी मिशरीची सवय नव्हती. डॉक्टरांचा अपमान नको म्हणून त्यांनाही त्या दिवशी पहिल्यांदा लावायला दिली होती. रेळे प्रामाणिक माणूस. त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, ‘पहिली तपासणी. आमच्या येण्याने गावात मिशरीचा वापर दुप्पट झाला. दोघींनी नव्याने सुरुवात केली.’

मग हंडे आणले गेले. चाळीस बायांनी चुळा भरल्या, आणि देवळाच्या पायऱ्यांवरून काळं पाणी वाहायला लागलं. बहिरू गुरव हातात केरसुणी घेऊन उभा होता, तो पुढे महिनाभर डॉक्टरांशी बोलला नाही.

ज्या आत्याबाईंनी घरोघर मिशरी धाडली त्या म्हणजे हैबतरावांच्या मातोश्री गोजराबाई. साठीच्या आसपासच्या, उंच, ताठ, बोलायला फटकळ. गावात मिशरी भाजावी तर त्यांनीच, असं सगळे मानत. तंबाखू करपायच्या आत आणि कच्ची राहायच्या आधी तवा कधी उतरवायचा, हे त्यांना नुसत्या वासावर कळे. पौडचा बाजार झाला की त्यांच्या चुलीपुढे बाया डब्या घेऊन बसत. ह्या बाई सगळ्यांत शेवटी तपासायला आल्या, पडदा बाजूला सारून सर्वांदेखत बसल्या आणि म्हणाल्या, "मला कसलं व्हतंय? बघा काय बघायचं ते."

डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. डाव्या गालाच्या आत, नेमक्या मिशरी ठेवायच्या जागी, चवलीच्या नाण्याएवढा जाड पांढरा डाग होता. कडा खडबडीत होत्या. सकाळी सकाळी कापावे लागत ते गाल एकेकाळी असेच दिसत असणार, हे डॉक्टरांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी गोजराबाईंना समजावून, गाल बधिर करून त्यातला तांदळाएवढा तुकडा काढला आणि बाटलीत घालून मुंबईला नेला. गोजराबाईंनी हूं की चूं केलं नाही. फक्त जाताना म्हणाल्या, "ह्यो कसला पाहुना, गालाचा तुकडा तोडून घिऊन जातोय."

पंधरा दिवसांनी डॉक्टर परत आले ते थेट गोजराबाईंच्या ओसरीवर. हैबतराव होते, रंभाबाई दाराआड होती, शेजारचे चारजण सहज आल्यासारखे येऊन बसले होते.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "कर्करोग नाही. पण त्याच्या वाटेवर आहे. मिशरी अशीच चालू राहिली तर दोनतीन वर्षांत होईल, असं मला दिसतंय."

"आन् सोडली तर डाग जाईल?"

डॉक्टर घुटमळले. हो म्हणून मोकळं व्हायला काही हरकत नव्हती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "जाईल असं वाटतं. आजवर कुणी सोडूनच बघितलेली नाही."

"म्हंजे माज्या गालावर तुमी शिकनार," गोजराबाई म्हणाल्या. "वा! आवो, अठ्ठेचाळीस वर्सं लावतीया मी. सकाळी लावल्याबगार माजं पोट हालत न्हाई, डोस्कं चालत न्हाई. सोडली तर डाग जाईल का ठावं न्हाई, पर मी जाईन ह्ये नक्की."

ओसरीवर हशा पिकला. डॉक्टर अडचणीत सापडले, आणि अडचणीत सापडल्यावर ते नेहमी जे करत तेच त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता केलं. खिशातून छोटी चपटी डबी निघाली, मान वळली, चिमूट नाकाशी गेली, आणि दोन सणसणीत शिंका देऊन डॉक्टरांनी रुमालाला नाक पुसलं. रुमालावर तपकिरी डाग उमटला.

गोजराबाई टक लावून बघत होत्या.

"डाक्टर, नाकात काय घातलं?"

"तपकीर आहे."

"ती कशाची करत्यात?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं. छपराकडे बघितलं. छपरातून मदत येण्यासारखी नव्हती.

"तंबाखूची," ते म्हणाले.

मघाचा हशा काहीच नव्हता असा आता झाला. दाराआडून रंभाबाईसुद्धा खिदळली, सासूसमोर. डॉक्टर कळवळून सांगायला लागले, की नाक वेगळं, तोंड वेगळं, नाकाचा आणि तपकिरीचा संबंध अद्याप संशोधनात आढळलेला नाही.

"आडळंल कसा? बगितला हाय का कुनी?" गोजराबाईंनी विचारलं.

बघितला नव्हता. कर्करोगावर काम करणारे निम्मे लोक सिगारेट ओढत होते, उरलेल्यांपैकी बरेच तपकीर घेत होते.

"मंग असं करू," गोजराबाई म्हणाल्या. "मी मिसरी सोडते, तुमी ह्ये सोडा. दोगंबी भैरोबाच्या म्होरं बेलभंडार उचलून शपथ घिऊ. पर येकानं मोडली की दुसरा त्या घडीला सुटला. त्येला पाप न्हाई."

डॉक्टर हसत हसत हो म्हणाले. त्यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, त्यामुळे बेलभंडार उचलणं त्यांना सोपं वाटलं. त्यांनी गाभाऱ्यासमोर बेलाचं पान आणि भंडारा हातात घेतला, बहिरू गुरव सांगेल तसं म्हटलं, आणि कपाळाला भंडारा लावून ते पुण्याच्या एस.टी.त बसले. चांदणी चौक यायच्या आतच त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. आता आपलं नाक म्हणजे नुसतं आपलं नाक राहिलेलं नाही. या नाकाने एक चिमूट ओढली, की तिकडे एका बाईचा गाल उघडा पडला.

पहिला महिना दोघांनाही भयंकर गेला. डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकातलं दिसेना, सकाळी हातात सुरी धरली की नाक हुळहुळे, घरी आमटीत मीठ जास्त म्हणून त्यांनी ताट सारलं आणि मग कळलं की आमटी नव्हतीच, ते सुमतीबाईंनी दिलेलं गुळण्यांचं पाणी होतं. सुमतीबाई म्हणाल्या, "उंदरांच्या वेळी तुम्ही तरी शहाण्यासारखे वागत होता."

आंबोलीला त्याहून वाईट. हैबतराव एस.टी.च्या थांब्यावरच डॉक्टरांना गाठत आणि हात जोडत.

"डाक्टरसाहेब, तुमच्या पाया पडतो, तेवढी शपथ मोडा. आय घरात कुनाला जगू दीना. काल दूध घालनाऱ्याला इतकं बोलली, की त्यो म्हस आमच्याच दारात सोडून पळाला."

"मग आता काय मोडायची, हैबतराव? महिना निभावला की."

"तुमचं बरं हाय, तुमी मुंबईला जाता."

दर महिन्याला तपासणीचा एक ठरलेला विधी होऊन बसला. डॉक्टर ओसरीवर येऊन बसले, की गोजराबाई त्यांच्याच पिशवीतली बॅटरी काढून घेत, त्यांची हनुवटी वर करत आणि दोन्ही नाकपुड्यांत उजेड टाकून सावकाश बघत. मग पांढरं फडकं पुढे करत आणि म्हणत, "शिंकरा." फडकं उन्हात धरून उलटसुलट बघून झालं, सगळ्यांना दाखवून झालं, की म्हणत, "साफ हाय," आणि मग स्वतःचं तोंड उघडत. आधी नाक, मग तोंड. हा क्रम एकदाही चुकला नाही. देशातल्या मोजक्या कर्करोगतज्ज्ञांपैकी एकाचं नाक असं दर महिन्याला भर ओसरीवर तपासलं जायचं, आणि ते बघायला आजूबाजूच्या वाडीवरची माणसंही यायला लागली.

पण डाग हटत होता. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांना वाटलं, आपल्याला भास होतोय. तिसऱ्या महिन्यात कड मऊ पडली. चौथ्यात चवलीचा आकार राहिला नाही. डॉक्टर प्रत्येक वेळी वहीत पेन्सिलीने डागाचं चित्र काढत, आणि रात्रंदिवस त्या चित्रांकडे बघत बसत. गोजराबाई विचारत, "हाय का गेला?" डॉक्टर म्हणत, "आहे. पण लहान झालाय." असं सांगताना त्यांचा आवाज बारीक होई. त्यांनी आयुष्यात कितीतरी जणांचा कर्करोग कापला होता, पण येता येता मागे फिरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सहाव्या महिन्यात मुंबईला वरिष्ठांची समिती बसली. रेळ्यांनी वही मांडली. तीनशे बारा तोंडं तपासली, एकोणतीस डाग सापडले, मिशरी सोडणारी एक. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी वही मिटली आणि थंडपणे म्हणाले, "एका म्हातारीच्या गालावर शास्त्र उभं राहत नाही, रेळे. परत उंदरांकडे वळा."

रेळे बाहेर आले. कानशिलं तापली होती. व्हरांड्यात त्यांचे एक जुने मित्र उभे होते, त्यांनी सहानुभूतीने आपली तपकिरीची उघडी डबी पुढे केली. ती सहानुभूतीच घात करून गेली. काय होतंय हे कळायच्या आत चिमूट नाकात गेली, आणि सहा महिन्यांच्या उपासानंतर अशा काही शिंका आल्या की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. क्षणभर फार बरं वाटलं. मग रुमालावरचा तपकिरी डाग दिसला आणि त्यांनी रुमाल घाईघाईने खिशात कोंबला.

घरी येऊन त्यांनी सुमतीबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"त्या बाईंना सांगू नका," सुमतीबाई म्हणाल्या. "उगाच सुटतील. डाग थोडाच राहिलाय म्हणता ना? डॉक्टरांनी रोग्याला सगळं खरं सांगितलंय कधी?"

हे डॉक्टरांनाही पटलं. अगदी पटलं. पुढचे सोळा दिवस त्यांनी स्वतःला हेच पटवलं. पुन्हा डबीला हात लावला नाही. एक चिमूट म्हणजे मोडली असं थोडंच म्हणतात, ती तर समितीची चूक, असंही म्हणून पाहिलं. सतराव्या दिवशी ते आंबोलीला उतरले तेव्हा काही बोलायचं नाही, हे पक्कं ठरलं होतं.

ओसरी भरली होती. गोजराबाईंनी बॅटरी घेतली, हनुवटी वर केली, डावी नाकपुडी बघितली, उजवी बघितली.

"शिंकरा."

डॉक्टर शिंकरले. फडकं पांढरंशुभ्र निघालं. गोजराबाईंनी ते सगळ्यांना दाखवलं आणि या वेळी जरा जास्तच वेळ दाखवलं.

"बगा रं, ह्यो खरा मानूस," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "खोटं कशाला सांगू, मागल्या बाजारच्या दिशी तवा चुलीवर ठिवला व्हता मी. शेजारच्या साळूबाईला पायजेल व्हती म्हनून भाजाया घेतली. वास आला आन् बोट भरलं माजं. अगदी दातापतोर नेलं. मंग म्हनलं, थितं मुंबैला डाक्टर येकटा दम धरून बसला आसंल. मी लावली तर त्येचंबी नाक सुटंल, त्येला काय व्हईल काय म्हाईत. धुतलं बोट."

एवढं बोलून त्यांनी तोंड उघडण्यासाठी मान मागे टाकली. डॉक्टरांनी आरसा उचलला. उचलला तसा पुन्हा खाली ठेवला.

"मावशी, माझी शपथ मोडलीय."

डॉक्टरांनी समितीचं सांगितलं, मित्राचं सांगितलं, चिमटीचं सांगितलं. सांगताना ते फडक्याकडे बघत होते. "मी आज तुम्हाला सांगणार नव्हतो. तुम्ही सुटाल म्हणून भीती वाटली. तुम्ही आता मोकळ्या आहात. पण मी हात जोडतो, लावू नका."

हैबतरावांनी कपाळाला हात लावला. म्हैस, दूधवाला, सहा महिन्यांच्या शिव्या, सगळं एका चिमटीत वाया. दाराआडून रंभाबाईचं तोंड बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

"कवा घेतली?" गोजराबाईंनी विचारलं.

"आज सतरा दिवस झाले."

गोजराबाईंनी बोटं मोजली. "दोन बाजार, आन् वर तीन दिस." त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. डॉक्टरांना वाटलं, आता उठणार, आत जाणार आणि डबी काढणार. त्यांनी मनाशी धरलं, की आपण उठून आडवं व्हायचं, मग गावाने काही का म्हणेना.

"म्हंजे बोट दातापतोर नेलं तवा मी सुटलेलीच व्हते," गोजराबाई सावकाश म्हणाल्या.

"हो."

"कुनाची शपथ न्हवती माज्यावर."

"नव्हती."

"आन् तरी धुतलं." त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं, जणू ते बोट त्या आजच पहिल्यांदा बघत होत्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आवो मंग सतरा दिस मी माजी मीच ऱ्हायले की! भैरोबाच्या जिवावर न्हाई आन् तुमच्या नाकाच्या जिवावर तर न्हाईच न्हाई! अठ्ठेचाळीस वर्सं म्हनत व्हते मरंन मरंन म्हनून. कुटं मेले?"

"नाही मेलात, मावशी."

"मंग बगताय काय माज्या तोंडाकडं? आत बगा." आणि त्यांनी आ वासला.

डॉक्टरांनी आरसा आत घातला. डावा गाल. बॅटरी जरा वर. जरा खाली. मागच्या वेळी ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता, तो नेमका कुठे होता हे त्यांना वही न बघता माहीत होतं. तिथे नव्हता. त्यांनी आरसा फिरवला, गाल बोटाने ताणला, पुन्हा बघितला. गाल तांबूस, ओला, साध्या माणसाच्या गालासारखा होता. तिसऱ्यांदा बघायला गेले तर सगळंच धूसर झालं. डॉक्टरांना कळेना, बॅटरीला काय झालं. मग त्यांच्याच गालावरून पाणी ओघळून सदऱ्यावर पडलं, आणि एक मोठा हुंदका त्यांच्या तोंडून बाहेर आला.

डॉक्टर रडतोय म्हटल्यावर ओसरीवर जे व्हायचं ते झालं. रंभाबाईने दारातच बसकण मारली आणि गळा काढला, "आत्याबाई ग!" हैबतराव धडपडून उठले आणि आईचे पाय धरून "आये, काय झालं गं तुला" म्हणून रडायला लागले. साळूबाईने छाती पिटून घेतली. कुणीतरी देवळाकडे पळालं. बहिरू गुरव पळत आला आणि कशासाठी हे न विचारताच डोळे पुसायला लागला. आणि या सगळ्या आकांतात गोजराबाई आ वासून बसल्या होत्या, तोंडात आरसा, आरसा डॉक्टरांच्या हातात, आणि हात काही हलेना, त्यामुळे त्यांना आपल्याच मरणाबद्दल एक शब्द बोलता येईना. त्या डोळे वटारून सगळ्यांवर फिरवत होत्या.

शेवटी त्यांनीच डॉक्टरांचं मनगट धरून आरसा बाहेर ओढला.

"गप बसा की मेल्यांनो! जित्ती हाय मी!" सगळे एका दमात गप्प झाले. "आन् डाक्टर, तुमी काय रडताय? काय हाय थितं?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. ते हसायला गेले, पण नीट जमलं नाही. "मावशी, तिथं काहीच नाही."